इंग्लंडमधलं जुनं दगडी घर कसं बघावं: आधी हॅडन, मग हार्डविक

भारतातून पाहुणे आले आणि एखादं जुनं मोठं घर बघायचं ठरलं, की एक गोष्ट हमखास होते. तिकीट काढलं की मंडळी तडक आत शिरतात. पलंग, तसबिरी, चांदीची भांडी बघून तासाभरात बाहेर येतात, चहा-केक होतो आणि गाडी परतीला लागते. सामान बघून होतं, घर बघायचं राहून जातं. मला याची फार हळहळ वाटते, कारण ज्यासाठी एवढं लांब यावं ते सगळं भिंतींत, खिडक्यांत, छपरात आणि खोल्यांच्या मांडणीत असतं. ते कळायला आर्किटेक्चरची पदवी लागत नाही. कुठे उभं राहायचं आणि कशाकडे बघायचं एवढं माहीत असलं की पुरे.

मी मूळची वाईची. आता शेफील्डला राहते आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. आमच्याकडे येणाऱ्यांना मी डर्बीशायरमधली दोन घरं दाखवते आणि तीही याच क्रमाने: आधी बेकवेलजवळचं हॅडन हॉल, मग चेस्टरफील्डजवळचं हार्डविक हॉल. दोन्हींमध्ये गाडीने साधारण तासाभराचं अंतर आहे. हॅडन बाराव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत तुकड्यातुकड्याने वाढत गेलं. हार्डविक १५९० ते १५९७ या सात वर्षांत एका दमात उभं राहिलं. हॅडनमध्ये गरज आधी आली आणि आकार मागून आला. हार्डविकमध्ये आकार आधी ठरला आणि खोल्या त्यात बसवल्या. हा फरक एकदा डोळ्यांना दिसला की इंग्लंडमधलं कुठलंही दगडी घर तुम्हाला कळू लागेल.

निघण्याआधी

हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेची संरक्षित इमारतींची यादी इंटरनेटवर फुकट बघायला मिळते. घराचं नाव टाकलं की दगड कुठला, कुठला भाग कोणत्या शतकातला, छप्पर कशाचं, हे सगळं थोडक्यात येतं. भाषा रुक्ष आहे, पण निघण्याआधी एकदा वाचाच. ही दोन्ही घरं पहिल्या श्रेणीची आहेत, म्हणजे सर्वांत वरच्या. हॅडन आजही मॅनर्स घराण्याकडे आहे आणि वर्षातला काही काळ बंद असतं. हार्डविक नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिथे बाग आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असू शकतात, तेव्हा दोन्ही तपासा.

सोबत एक छोटी दुर्बीण घ्या. धुरांडी, छपराचा काठ, वरच्या मजल्यावरची दगडी नक्षी नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाही. बूट सपाट तळव्याचे असू द्या. हॅडनच्या पायऱ्या आणि फरशा शेकडो वर्षांच्या वापराने मधोमध खोलगट झाल्या आहेत, पाय घसरतो.

आणि वेळ उन्हाची निवडा. दगडाला तिरपं ऊन लागतं. ऊन डोक्यावर असलं की भिंत सपाट दिसते. तेच ऊन बाजूने आलं की टाकीचा एकेक घाव, दोन दगडांमधली प्रत्येक दरज उठून दिसते. हार्डविकची दर्शनी बाजू पश्चिमेला आहे, म्हणून सकाळी हॅडन आणि दुपारनंतर हार्डविक.

आधी दगड

दारापाशी जायची घाई करू नका. लांबूनच विचारा, हा दगड आला कुठून? कालवे आणि रेल्वे येण्याआधी दगड बैलगाडीने, घोडागाडीने वाहायचा म्हणजे खाणीतल्या किमतीपेक्षा वाहतूकच महाग पडायची. नदी किंवा समुद्र जवळ असला तर गोष्ट वेगळी, एरवी घर बहुधा पायाखालच्याच डोंगरातून निघालेलं असतं. म्हणून इंग्लंडमध्ये दगडावरून परगणा ओळखता येतो. कॉट्सवोल्डमध्ये मधाच्या रंगाचा चुनखडक, सॉमरसेटमध्ये माँटक्यूट गावाच्या आसपास हॅम टेकडीचा त्याहून गडद, तांबूस-पिवळा दगड, आणि डर्बीशायरमध्ये दोन जाती: राखाडी-पांढरा चुनखडक आणि तपकिरी, भरड दाण्यांचा वालुकाश्म. या दुसऱ्याला इकडे ग्रिटस्टोन म्हणतात. पूर्वी जात्याच्या तळ्या यातूनच घडवत.

हॅडनला हे दोन्ही दगड हाताशी होते. भिंतीच्या कोपऱ्याजवळ उभे राहा. भिंतीच्या अंगात चुनखडक सापडेल, पण कोपऱ्याचे दगड, दारांच्या चौकटी, खिडक्यांचे दांडे ग्रिटस्टोनचे. कारण साधं आहे. तिथला चुनखडक टणक आहे आणि वेडावाकडा फुटतो, त्याला धारदार कड काढणं जिकिरीचं. ग्रिटस्टोन टाकीला मानतो. जिथे नेमका काटकोन हवा तिथे ग्रिटस्टोन, जिथे नुसती भर हवी तिथे चुनखडक. पैसा आणि पाथरवटाची मेहनत कुठे खर्च झाली हे त्या एका कोपऱ्यात दिसतं.

आपण काळ्या दगडात वाढलेली माणसं. सह्याद्रीचा बेसॉल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, त्यात थर नसतात, त्यामुळे घडवलेला चिरा कुठल्याही बाजूने बसवला तरी फारसं बिघडत नाही. इंग्लंडमधले हे दगड पाण्यात साचलेल्या वाळूचे आणि शिंपल्यांचे आहेत, त्यांना थर असतात. खाणीत थर जसे आडवे होते तसेच भिंतीत आडवे राहिले पाहिजेत. दगड उभा करून बसवला, म्हणजे थर भिंतीला समांतर आले, की पाणी थरात शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, आणि काही पिढ्यांत दगडाचे खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटू लागतात. भिंतीचा खालचा पुरुषभर उंचीचा भाग आणि खिडक्यांखालचे उंबरे निरखून बघा. शेजारचे चार दगड ठणठणीत आणि मधला एकच सोललेला, असं दिसलं तर तो दगड बहुतेक उभा बसवलेला आहे.

आता दरजेकडे बघा. माझं पोट याच कामावर आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि तो तसाच असायला हवा. भिंतीत शिरलेलं पावसाचं पाणी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडून सुकतं, आणि झीज व्हायची तर चुन्याची होते. चुना शंभरेक वर्षांनी पुन्हा भरता येतो, दगड पुन्हा भरता येत नाही. विसाव्या शतकात ठिकठिकाणी दुरुस्तीच्या नावाखाली दरजांमध्ये सिमेंट भरलं गेलं. सिमेंट दगडाहून घट्ट. पाण्याची वाट बंद होते, मग ते दगडातूनच बाहेर पडू बघतं आणि दगडाचा चेहरा भुगा होऊन झडतो. तुम्ही एखाद्या गावात दगडी भिंतीसमोर उभे आहात आणि राखाडी दरजा जाळीसारख्या पुढे आल्या आहेत, मधले दगड आत खचले आहेत, असं दिसलं तर ते सिमेंटचं काम आहे. जुन्या इमारतींच्या संरक्षणासाठी विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये संस्था काढली. जुनं तितकं जपावं, तब्येतीने आणि थोडकी दुरुस्ती करावी, हा तिचा आग्रह आज सगळ्या देशाने मान्य केला आहे. पण तोवर जे झडलं ते झडलं.

भिंतीवरचे जोड

हॅडनच्या फाटकाचा झिजलेला उंबरठा ओलांडून खालच्या अंगणात या आणि तिथेच थांबा. अंगण चांगलंच उताराचं आहे, कारण खालचा खडक उताराचा आहे आणि तो कोणी सपाट करत बसलं नाही. चारही बाजूंनी इमारती आहेत, पण एका बाजूचा मेळ दुसरीशी नाही. कुठे खिडकी वर, कुठे खाली. एक धुरांडं भिंतीतून पोट काढून पुढे आलेलं. बघणाऱ्याला वाटतं, नकाशा न काढताच बांधलं असावं. खरंच, एक असा नकाशा या घराला कधी नव्हताच. व्हर्नन घराण्याच्या आणि नंतर मॅनर्स घराण्याच्या पिढ्या जे लागेल ते जोडत गेल्या.

हे जोड शोधायची रीत सांगते. दगडी भिंतीत दगड एकमेकांवर सांधेमोड करून बसवतात. खालच्या दोन दगडांची दरज वरच्या दगडाने झाकली जाते. भिंतीवर कुठे वरपासून खालपर्यंत एकच सरळ उभी दरज दिसली तर तिथे एक बांधकाम संपलं आणि काही काळाने दुसरं त्याला येऊन चिकटलं. दुसरी खूण थरांच्या उंचीची. डावीकडचे थर वीतभर उंचीचे आणि उजवीकडचे दीड वीत, तर हात बदलला, बहुधा पिढीही बदलली. तिसरी खूण बुजवलेल्या दारा-खिडक्यांची. भिंतीत कमानीचे दगड दिसतात, पण कमानीखाली भिंतच. तिथे एके काळी जाण्यायेण्याची वाट होती. मग ती कुठून कुठे जात असेल याचा विचार करायचा. चौथी खूण म्हणजे भिंतीवर उमटलेली तिरपी रेघ, तिथे टेकलेलं जुनं छप्पर उतरवल्याची.

तटावरच्या चऱ्या, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरचे दातेरी कंगोरे, बघून हा किल्ला होता असं पाहुणे लगेच म्हणतात. बाराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड व्हर्ननला घराभोवती भिंत घालायची परवानगी मिळाली ती १२ फूट उंचीपर्यंत आणि चऱ्यांशिवाय. सरदाराने घराला चऱ्या काढायच्या तर राजसत्तेची मंजुरी लागत असे. आज दिसतात त्या चऱ्या नंतरच्या आहेत आणि त्यांचा उपयोग लढाईपेक्षा मिरवण्यापुरताच अधिक.

जोड ओळखायची गंमत दुसऱ्या एका घरी फार चांगली येते, ते म्हणजे सॉमरसेटमधलं माँटक्यूट हाउस. त्याच्या पश्चिम बाजूचा मधला नक्षीदार भाग मुळात त्या घराचा नाहीच. क्लिफ्टन मेबँक नावाचं दुसरं जुनं घर पाडलं जात होतं, तेव्हा १७८० च्या दशकात त्याचा हा दर्शनी भाग विकत घेऊन दगड दगड करून इथे आणून बसवला. घर सोळाव्या शतकाच्या अगदी शेवटचं, तर हा तुकडा त्याहूनही जुना. आधी न सांगता पाहुण्यांना त्यासमोर उभं केलं तर बरेच जण स्वतःहून विचारतात की हा भाग वेगळा का दिसतो.

खिडक्या

खिडकी बघून काळ सांगता येतो, ढोबळमानाने. सर्वांत जुन्या खिडक्या अरुंद, आधी गोल आणि मग टोकदार कमानीच्या. मग दगडाच्या जाळीकामाच्या, देवळात असतात तशा. हॅडनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या प्रार्थनाघरात त्या बघा. पंधराव्या-सोळाव्या शतकात कमान बसकी होत जाते आणि शेवटी खिडकीचं डोकं सपाट होतं, मधे दगडाचे उभे दांडे. सोळाव्याच्या शेवटी त्यांना आडवे दांडेही येतात आणि खिडकी भिंतभर पसरते. वर सरकणारी लाकडी तावदानं १६७० नंतरची. दगडी भिंतीत उंच, नेमक्या मापाची, पांढऱ्या रंगाची लाकडी तावदानं दिसली तर घर जुनं असलं तरी खिडकी नंतर बदललेली आहे हे समजायचं.

जुन्या खिडकीच्या डोक्यावर दगडाची एक पुढे आलेली पट्टी असते, दोन्ही टोकांना खाली वळलेली. भिंतीवरून ओघळणारं पाणी खिडकीवर न येता बाजूला पडावं म्हणून ती असते. पट्टीच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच असते. पाणी त्या खाचेशी आलं की पुढे भिंतीकडे सरकू शकत नाही, तिथेच थेंब होऊन गळतं. पाऊस पडत असेल तर उभं राहून बघा, पाच मिनिटांत त्या खाचेचं काम कळेल.

बुजवलेली प्रत्येक खिडकी खिडकीपट्टीमुळे बुजवली असं इकडचे लोकही बिनधास्त सांगतात. खिडक्यांवरचा कर १६९६ पासून १८५१ पर्यंत होता हे खरं. पण खिडकी बुजवायची कारणं अनेक असत. आत धुरांडं आलं, जिना फिरवला, भिंतीला लाकडी तक्तपोशी केली. काही तर फक्त समतोल साधायला पहिल्यापासून खोट्याच कोरलेल्या असतात. आतल्या बाजूला काय आहे हे पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

हॅडनमध्ये सरकत्या तावदानांचं युग दिसतच नाही, आणि त्यामागे या घराची सगळी कहाणी आहे. १७०३ मध्ये मॅनर्स घराणं ड्यूक ऑफ रटलंड झालं आणि बीव्हर कॅसल हे त्यांचं मुख्य घर ठरलं. हॅडन जवळजवळ दोनशे वर्षं रिकामं राहिलं. मोडीत निघालं नाही, छप्पर शाबूत राखलं गेलं, पण राहायला कोणी नाही म्हणून नव्या फॅशनप्रमाणे बदलायलाही कोणी नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवव्या ड्यूकने ते हाती घेतलं आणि आयुष्यभर मन लावून दुरुस्त केलं. प्रार्थनाघरात पांढऱ्या चुन्याखाली झाकलेली मध्ययुगीन भित्तिचित्रं याच कामात उजेडात आली. इंग्लंडमध्ये इतकं न बदललेलं मध्ययुगीन घर क्वचित मिळतं.

आत: चूल कुठे आहे?

आता आत चला. ड्योढीत, म्हणजे दारापुढच्या छपरीत, एक रोमन वेदी ठेवलेली आहे, ती बघून पुढे व्हा. तुम्ही एका अरुंद बोळात येता. उजवीकडे लाकडी आडपडदा आणि त्यापलीकडे मोठं दालन, डावीकडे ओळीने दारं. बहुतेक लोक उजवीकडे वळतात. आमची मावशी आली होती तेव्हा ती बोळातच थांबली आणि म्हणाली, "आधी चूल कुठे ते सांग, मग मला घर कळेल." तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. मध्ययुगीन इंग्लिश घराची सगळी मांडणी याच प्रश्नावर उभी आहे.

डावीकडची दारं स्वयंपाकघराच्या बाजूची. एक पेयांच्या कोठीचं, एक पाव-भाकरीच्या कोठीचं, आणि एका वाटेने उतरत स्वयंपाकघरात जाता येतं. स्वयंपाकघर मुद्दाम थोडं लांब, कारण आगीची भीती. आत गेलात तर लाकडी ओट्यांवर सुऱ्यांनी आणि कोयत्यांनी पडलेले खोल खड्डे बघा. मावशी तिथे बराच वेळ रमली. रोजचं काम करणाऱ्यांच्या हातांची खूण एवढी स्पष्ट दुसऱ्या कुठल्या खोलीत नाही.

स्वयंपाकाची बाजू म्हणजे दालनाचं खालचं टोक. आडपडद्यापलीकडे दालन, चौदाव्या शतकातलं, छपरापर्यंत मोकळं. दूरच्या टोकाला जमीन एका पायरीने उंच होते. तिथे मालकाचं मेज, म्हणजे ते वरचं टोक. घरातली सगळी माणसं एकाच दालनात जेवत, पण कोण कुठे बसतो यावरून त्याची पायरी ठरे. सुरुवातीच्या काळात अशा दालनांत जमिनीच्या मधोमध जाळ असे आणि धूर छपरातल्या झरोक्यातून जाई. भिंतीतलं अग्निकुंड आणि धुरांडं नंतर आलं. अंगणात जे पोट काढलेलं धुरांडं पाहिलंत ते आठवा. दालनाचं आजचं लाकडी छप्पर मात्र विसाव्या शतकातल्या दुरुस्तीतलं आहे. तुळया बघून हे चौदाव्या शतकाचं लाकूड असं कोणाला सांगू नका.

वरच्या टोकाच्या पलीकडे मालकाची खासगी खोली. तिच्या तक्तपोशीवर १५४५ हे साल आहे, सर जॉर्ज व्हर्ननच्या वेळचं. सालासह कोरलेली खोली मिळणं मोलाचं असतं, कारण तिच्याशी ताडून बाकीच्या खोल्यांचा काळ लावता येतो. तिच्या वर आणखी खासगी दालन. मालक दालनातून उठून आत जेवायला लागला, मग जिना चढून वर जेवायला लागला, हा बदल दोन-तीनशे वर्षांत झाला, आणि हॅडनमध्ये तो तुम्ही पायांनी चालून अनुभवता. त्याच ओघात शेवटी लांब सज्जा येतो, म्हणजे लाँग गॅलरी नावाची लांबलचक बंदिस्त खोली, सुमारे ११० फूट लांबीची, दक्षिणेला बागेकडे तोंड करून. पावसापाण्यात, थंडीत घरातल्या घरात फेऱ्या मारायची जागा. त्याच्या खिडक्यांच्या छोट्या चौकटी शिशाच्या पट्ट्यांत बसवल्या आहेत आणि काचा एका पातळीत नाहीत, थोड्या थोड्या कलत्या आहेत. बागेत जाऊन खालून वर बघा. प्रत्येक काच आभाळाचा वेगळा तुकडा धरते.

हार्डविक

हार्डविक टेकडीवर आहे, मोटारवेवरूनही दिसतं. गाडी लावून पश्चिमेच्या फाटकातून आत या आणि हिरवळीच्या वाटेवर मधोमध उभे राहा. हॅडनच्या अंगणात जे नव्हतं ते सगळं इथे आहे. दार बरोबर मध्ये. डावीकडे जे, तेच उजवीकडे. सहा मनोरे छपराच्या वर चढलेले आणि प्रत्येकाच्या माथ्यावर दगडात कोरलेली ई आणि एस ही अक्षरं: एलिझाबेथ, काउंटेस ऑफ श्रूजबरी. लोकांच्या तोंडी ती बेस ऑफ हार्डविक. तिची चार लग्नं झाली, चौथा नवरा १५९० मध्ये वारला, आणि हे घर सुरू झालं त्याच सुमाराला. राहायला आली तेव्हा ती सत्तरीच्या आसपास होती. वालुकाश्म टेकडीच्या कुशीतल्या खाणीचा, काच तिच्याच कारखान्यातली. म्हणजे एवढा प्रचंड खर्च, पण बराचसा माल घरचा.

आता खिडक्यांची उंची खालपासून वर बघत जा. तळमजल्यावर ठेंगण्या, पहिल्या मजल्यावर उंच, दुसऱ्या मजल्यावर सर्वांत उंच. तळमजला नोकरचाकरांचा आणि कामाचा, पहिला मजला तिच्या रोजच्या राहण्याचा, दुसरा मजला राणी पहिली एलिझाबेथ आलीच तर तिच्यासाठी आणि मानाच्या समारंभांसाठी. घराची उतरंड बाहेरूनच कळते. "हार्डविक हॉल, भिंतीपेक्षा काचच फार" अशा अर्थाचं तिकडे एक यमक आहे. काच तेव्हा चैनीची वस्तू होती, आणि मावळतीचं ऊन या पश्चिम भिंतीवर पडलं की ती चैन मैलभरावरून दिसायची.

पण मला या घरात सर्वांत आवडतं ते दालनाचं वळण. हॅडनचं दालन आठवा: दार एका टोकाला, त्यातून बोळ, मग दालन आडवं पसरलेलं. असं दालन ठेवलं तर ड्योढी इमारतीच्या मध्यावर येऊ शकत नाही, ती एका बाजूला पडते. शेकडो वर्षं इंग्लिश घरांचं तोंड म्हणूनच तिरकं राहिलं. सोळाव्या शतकात समोरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात अशी हौस आली आणि बांधणाऱ्यांनी नाना युक्त्या केल्या. हार्डविकमध्ये दालनच काटकोनात फिरवलं. दारातून शिरलात की तुम्ही थेट दालनात असता आणि ते समोर, इमारतीच्या आरपार मागेपर्यंत जातं. दार मध्यावर आलं, दोन्ही बाजू सारख्या झाल्या. दालनाचं महत्त्व मात्र गेलं. मालकीण तिथे जेवत नव्हती, ती वर होती. जेवणाची जागा उरली नोकरांची, आणि पाहुण्यांसाठी ती फक्त आत येण्याची वाट झाली.

हा आराखडा रॉबर्ट स्माइथसनचा मानला जातो. तो मुळात पाथरवट. लाँगलीट आणि नॉटिंगहॅमजवळचं वॉलटन ही घरंही त्याच्या हातची. १६१४ मध्ये तो वारला, वॉलटनच्या चर्चमध्ये त्याचा स्मृतिलेख आहे. टाकी धरणाऱ्या माणसाने इमारतीची कल्पना आधी डोक्यात पूर्ण केली आणि मग दगडाला हात लावला, याचा पुरावा म्हणजे हार्डविक. म्हणून मी सगळ्यांना इथे आणते.

दगडी जिना आता चढायचा आहे. सावकाश चढा. एका भल्यामोठ्या खोलीत पोचायला बांधणाऱ्यांनी एवढा जिना का फिरवला याचं उत्तर चढण्यातच आहे. उजेड कमी-जास्त होतो, वळणावळणावर पुढे काय याची उत्सुकता वाढते, आणि शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या मानाच्या दालनात उजेडच उजेड. वर भिंतीभर गिलाव्यातलं रंगीत जंगल आहे, झाडं, हरणं, शिकारीची देवी डायाना. मान वर करून बघायचं असतं म्हणून दुर्बीण इथेही काढा. पूर्वेच्या अंगाला लांब सज्जा, हॅडनच्या दीडपट, १६० फुटांहून जास्त. त्याच्या खिडक्यांतून बाहेर बघताना एक प्रश्न स्वतःला विचारा: एवढ्या काचेच्या भिंती, मग हे घर उभं कशावर आहे? उत्तर पोटात आहे. इमारतीच्या मधून एक जाडजूड भिंत लांबीने जाते. भार ती घेते आणि बरीचशी धुरांडीही तिच्या पोटातून वर जातात. म्हणून बाहेरच्या भिंती खिडक्यांना मोकळ्या सोडता आल्या आणि हॅडनसारखं धुरांडं पोट काढून कुठे पुढे आलं नाही.

बाहेर आलात की घराला पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि खोट्या खिडक्या शोधा. काही खिडक्यांमागे भिंत किंवा मजल्याची कड आहे. बाहेरून काच तशीच, पण आत उजेड नाही. रांग मोडू नये म्हणून ती तिथे ठेवली. आकार आधी ठरला की त्याची किंमत कुठेतरी द्यावी लागते, ती इथे दिली आहे. दुपारी काचेत आभाळ दिसतं तेव्हा त्या ओळखू येत नाहीत, ढगाळ वेळी किंवा सावलीच्या बाजूने बघा. इतर खिडक्यांतून पडदे, छताची कड असं काहीतरी दिसतं, यांतून नुसता काळोख दिसतो.

शेजारीच हार्डविकचं जुनं घर आहे, आज छप्पर नसलेलं. बेसने १५८७ च्या सुमारास ते वाढवायला घेतलं आणि ते पुरतं होण्याआधीच नव्याचा पाया घातला. बरेच लोक ते वगळतात. तुम्ही वगळू नका, कारण नव्या घरात जे सगळं गिलाव्याखाली आणि पडद्यांमागे झाकलेलं आहे ते इथे उघडं पडलंय. भिंतीची खरी जाडी दिसते. लाकडी तुळया ज्या खोबणींत बसत त्या ओळीने दिसतात, त्यावरून मजले मोजता येतात. अधांतरी लटकलेली अग्निकुंडं दिसतात आणि त्यांच्यावर गिलाव्यात केलेल्या राक्षसांच्या आकृती अजून टिकून आहेत. पायऱ्या ओल्या असतात आणि वर निवारा नाही, तेव्हा आभाळ भरून आलं असेल तर हे आधी उरका आणि नव्या घरात नंतर जा.